श्रीमंतरावांचा गरीब ससा

ससा शिंकतो, ही गोष्टच श्रीमंतरावांना मंजूर नव्हती. माणूस शिंकतो, म्हैस शिंकते, शेजारच्या कस्तुराबाईंनी ठेचा कुटायला घेतला की अख्खी गल्ली शिंकते. पण ससा? आणि तोही त्यांनी स्वतः पारखून आणलेला? "बनवाबनवी हाय ही," ते पिंजऱ्यासमोर उकिडवे बसून म्हणाले. ससा त्यांच्या तोंडावर पुन्हा शिंकला.

आता एवढ्याशा शिंकेचा राग यायचं कारण काय, तर त्या शिंकेवर त्यांच्या पोरीचं लग्न अडकलेलं होतं. सांगतो.

श्रीमंतराव म्हणजे लातूरच्या एका सरकारी कचेरीतले वरिष्ठ लिपिक. रागीट. त्यांचा राग चहा गार झाला म्हणून यायचा, चहा फार गरम आहे म्हणून यायचा आणि चहा बरोबर असला की बशी फुटकी का, म्हणून यायचा. असल्या माणसाला दुसऱ्यात एकच गुण आवडतो. त्यांच्या भाषेत त्याला 'गरीब' म्हणायचं. भाडेकरू ठेवला तर तो गरीब. मेव्हण्याला नावं ठेवायची कारण तो गरीब नाही. बायको सिंधु तर त्यांनी तेवढ्याच गुणावर पसंत केलेली. "मान खाली घालून बसली होती, मी म्हणलं बास, हीच," हे ते पाहुण्यांना तिच्यादेखत सांगायचे आणि ती मान खाली घालून पोहे वाढायची.

तर पोरीसाठी, म्हणजे आरतीसाठी, त्यांनी नायगावचं स्थळ पक्कं धरलं होतं. नरसिंगरावांचा शिवम. "पोरगं लई गरीब हाय," श्रीमंतराव म्हणाले. "मी तासभर बसलो, एक शब्द बोलला न्हाई. चहा दिला, पिला. परत दिला, परत पिला."

"पप्पा, चहा पिणं हा काय गुण हाय का?" आरती म्हणाली. ती नांदेडला एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला होती आणि शनिवारी-रविवारी घरी यायची. आठवडाभर सुया टोचून तिची भीड चेपलेली होती.

"मला माणसं कळतात! माझी पारख हाय!"

"बरं," आरती म्हणाली, "मग पारख बघूच. आईला दिवसभर बोलायला कुणी न्हाई, तिला मी ससा आणणार हाय. निवडा तुमी. ठणठणीत निघाला तर मी गुमान नायगाववाल्यांपुढं बसते. रोगट निघाला तर तुमी त्यांना फोन करून न्हाई म्हणायचं. बोला, हाय कबूल?"

"ससा? अगं सशात काय असतंय पारखायला? कबूल!"

त्याच रविवारी बाप-लेक गंजगोलाई बाजाराच्या मागं, ससे विकणाऱ्या खाजामियाँकडे गेले. पिंजऱ्यात सात-आठ ससे एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत होते. आरतीनं मोबाईलवर सगळं वाचून ठेवलेलं. नाक कोरडं पाहिजे, डोळे स्वच्छ, पुढचे पाय आतून कोरडे, हात घातला की पुढं येऊन हुंगणारा. एक तपकिरी पुढं आला, तिची ओढणी दातात धरून ओढायला लागला. "हा घेऊ," ती म्हणाली. श्रीमंतरावांनी त्याला उचललं, त्यानं लाथ झाडली आणि त्यांच्या इस्त्रीच्या बाहीवर धार सोडली.

"आगाऊ हाय! संस्कार न्हाईत ह्याच्यावर!"

तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं कोपऱ्यातल्या टोपलीकडे. तिथं एक पांढरा ससा एकटाच बसलेला. हलत नव्हता, बोलत नव्हता. मधूनच दोन्ही पंजे जोडून नाकापर्यंत न्यायचा आणि खाली ठेवायचा. "ए, बघ बघ! नमस्कार करून राहिलाय!" श्रीमंतरावांनी सुद्धा नकळत हात जोडले.

"उसकू नक्को लेव साब," खाजामियाँ म्हणाले. "बाजूकू रख्या उसकू. गरीब है बेचारा."

झालं! आता खाजामियाँच्या बोलीत 'गरीब बेचारा' म्हणजे बापडं, कीव करण्यासारखं. पण श्रीमंतरावांच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला. त्यात दुकानदार स्वतः 'नको' म्हणतोय. सरकारी कचेरीत उभी हयात गेलेल्या माणसाला एवढं कळू नये? दुकानदार नको म्हणतो म्हणजे माल वशिल्याच्या गिऱ्हाइकासाठी बाजूला ठेवलेला असतो! कुणा साहेबाच्या बंगल्यावर जायचा असणार. श्रीमंतरावांचा पारा चढला. "का ओ? आमी माणसं न्हाईत का? मला हाच पायजे!"

"साब, मैं नक्को बोलरा ना..."

"हाच पायजे!"

"पप्पा, त्याच्या पायाचे केस बघा, चिकट हायत," आरती म्हणाली.

"दूध पिला असंल!"

खाजामियाँनी आभाळाकडे बघितलं, टोपली दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

सिंधुताईंनी सशाला पदरात घेतलं आणि त्याचं नाव सोन्या ठेवलं. दुसऱ्या दिवशी श्रीमंतराव दाढी करत असताना स्वयंपाकघरातून हळू आवाजात बोलणं ऐकू आलं. कुणीतरी कुणाला काहीतरी सांगत होतं, मधेच हसलं सुद्धा. ते "कोण आलंय?" म्हणून आत गेले. बोलणं बंद झालं. सिंधुताई भाकरी थापत होत्या आणि ससा पाटाखाली बसलेला. श्रीमंतरावांना वाटलं, रेडिओ असेल.

पहिली शिंक आली तेव्हा ते नेमके आरतीशी फोनवर बोलत होते.

"कोण शिंकलं?" नांदेडहून आरतीनं विचारलं.

"मी!"

"अगं बाई, लई बारीक शिंकलाव."

"बारीक म्हणजे? मी काय ढोल वाजवून शिंकू का?" असं म्हणून त्यांनी पुराव्यादाखल एक मोठी शिंक स्वतःच्या अंगची काढली. सिंधुताई दारात उभ्या होत्या. "ओ, ते सोन्या शिंकून राहिलाय वाटतं. नाकातनं..." एवढंच त्या म्हणाल्या.

"मी शिंकलो म्हणलं ना! कान हायत का बटनं?"

सिंधुताई आत गेल्या.

एकदा शिंक आपली म्हटली की सर्दी पण आपलीच. भिंतीपलीकडून कस्तुराबाईंनी सगळं ऐकलेलं होतंच. त्या विझता निखारा, ओवा आणि लोबान घेऊन हजर झाल्या. "भाऊ, ही साधी सर्दी न्हाई. छातीत उतरंल. खिडक्या लावा, दारं लावा, धुरी घ्या. आमचे हे पण असंच म्हणायचे, काय न्हाई, काय न्हाई." त्यांचे हे आता औशाला भावाकडे सुखरूप राहत होते, पण ते त्यांनी असं काही सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं माणूस गेला. श्रीमंतरावांना नाही म्हणता येईना. नाही म्हटलं तर मग शिंकतंय कोण? ते डोक्यावरून चादर घेऊन बसले आणि कस्तुराबाईंनी खोली धुरानं भरून टाकली. डोळ्यांतून पाणी, घशात आग. चादरीच्या आत त्यांनी आरतीला, खाजामियाँना, ओवा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आणि कस्तुराबाईंच्या औशाच्या दिराला शिव्या घातल्या.

आणि ह्याच खोलीत पिंजरा. का? तर सिंधुताईंना सशाचं नाक दिसू नये, त्यांनी फोनवर पोरीला सांगू नये, म्हणून श्रीमंतरावांनी तो स्वतःच्या पलंगाखाली हलवला होता. "पिंजरा गॅलरीत ठेवते, धूर लागंल त्याला," सिंधुताई म्हणाल्या. "गार वारं लागंल! तू हात लावायचा न्हाईस!" पिंजऱ्याचा तळ साफ करायलाही त्यांनी बायकोला येऊ दिलं नाही. स्वतः कशाला करतील? त्यांनी आयुष्यात स्वतःचं ताट उचललं नव्हतं. दोन दिवसांत पलंगाखालून असा वास सुटला की झोपल्या झोपल्या डोळे चुरचुरायला लागले. सोन्या अजून शिंकायला लागला, म्हणून श्रीमंतरावांची सर्दी वाढली, म्हणून धुरी वाढली, म्हणून सोन्या अजून शिंकायला लागला.

कचेरीत तर आणखी अपमान. कपड्यांना लोबानाचा वास, डोळे लाल. "श्रीमंतराव, साथ पसरवू नका," म्हणून साहेबांनी त्यांचं टेबल उचलून व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी ठेवलं. येणारा-जाणारा त्यांना पेला कुठं आहे ते विचारायला लागला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असला बाका प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता आणि तोसुद्धा दुसऱ्याच्या शिंकेपायी.

शुक्रवारी ते घरी आले तर सिंधुताई चपला घालून दारात उभ्या. हातात टोपली, टोपलीत सोन्या. पलंगाखालून त्यांनी तो काढलाच होता. ससा मान वर ताणून बसला होता, नाकपुड्या भराभर हलत होत्या आणि पुढं टाकलेली कोथिंबीर तशीच.

"दवाखान्यात चला," त्या म्हणाल्या.

"उद्या आरती येऊन राहिली. आत्ता दवाखान्यात गेलो तर..."

"चला," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पण श्रीमंतरावांनी मुकाट्यानं स्कूटरला किक मारली, आणि मुकाट्यानं मारली याचा त्यांना पहिल्या चौकापर्यंत राग येत राहिला.

जनावरांच्या दवाखान्यात खिडकीवरच्या बाबूनं कॉम्प्युटरकडे बघून विचारलं, "जनावर कोणतं?"

"ससा."

"ससा यात न्हाई. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा, कोंबडी."

"अहो पण हा ससा हाय! दिसून राहिला ना?"

"मला दिसून काय उपयोग? ह्याला दिसला पायजे." बाबूनं कॉम्प्युटरवर थाप मारली. "शेळी लिहितो. शिंगं?"

"मी स्वतः सरकारी माणूस हाय! मला कायदा शिकवू नका! खोटी नोंद करून राहिलाव तुमी!"

"सरकारी हाव तर मग समजायला पायजे तुमाला. शिंगं न्हाईत. रंग पांढरा. दूध देते का?"

श्रीमंतराव खिडकीच्या गजातून आत शिरायचेच बाकी राहिले. मागं एक जण खरोखरची शेळी घेऊन उभा होता. "काका, लिवू द्या की. शेळी झाल्यानं त्याचं काय वाईट हुतंय?" तो म्हणाला. दोनच मिनिटांत मोबाईल वाजला. आपल्या शेळीची नोंद झाल्याबद्दल अभिनंदन, असा निरोप होता.

आत डॉक्टरीणबाई होत्या, आरतीच्याच वयाच्या. त्यांनी सशाच्या छातीला नळी लावली, पुढचे पाय उलटे करून बघितले. आतले केस चिकटून घट्ट झालेले. "कधीपासून आहे हे?"

"आज सकाळपासून," श्रीमंतराव ठोकून मोकळे झाले.

"न्हाई," सिंधुताई म्हणाल्या. "आणला त्या दिवसापासून. आधी पाण्यासारखं यायचं, मग पांढरं घट्ट. पंज्यानं पुसत राहतो. डाव्या कुशीवर झोपत न्हाई. बुधवारपासून पाला अर्धा टाकतो, कालपासून सगळाच. अन् घरात रोज धूर होता, खिडक्या बंद, खाली सगळं ओलं. श्वासाला खरखर हाय, मी कान लावून ऐकलीय."

श्रीमंतराव बायकोकडे बघतच राहिले. एवढी वाक्यं त्यांनी तिच्या तोंडून सलग कधी ऐकली नव्हती.

"ससा नाकानंच श्वास घेतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाक चोंदलं की त्याचा जीव गुदमरतो. धूर एकदम बंद. तळ रोज कोरडा करा, मुताच्या वासानं छाती अजून बिघडते. मोकळी हवा द्या, पण झोत नको. औषध देते. दोन दिवसांत खायला लागला तर जगला म्हणा. पूर्ण बरा होईल असं सांगत नाही, हे दुखणं उलटतं. हा निवडला कुणी?"

"मी," श्रीमंतराव गुरगुरले. "लई गरीब होता, म्हणून."

"गरीब नाही हो. दम पुरत नव्हता त्याला. ससा दुखणं दाखवत नाही, गप बसून राहतो, आणि लोकांना वाटतं स्वभावच असा आहे. निवडायचा तर हातातून सुटायला धडपडणारा निवडावा."

परतीच्या वाटेवर श्रीमंतराव सगळ्या जगावर चिडले होते. खाजामियाँनी नीट मराठीत का सांगितलं नाही? कस्तुराबाईंना धुरी कुणी मागितली होती? सरकारला ससा माहीत नाही? मागं सिंधुताई टोपली छातीशी धरून बसल्या होत्या.

शनिवारी आरती आली. तिनं गॅलरीतला पिंजरा, औषधाची बाटली आणि बापाचं तोंड असं क्रमानं बघितलं. "लावा फोन नायगावला."

"ते उद्या सकाळी निघून राहिलेत. पावण्याला येऊ नका कसं म्हणायचं? रीत हाय का ही?"

"कबूल केलं होतंव!"

"सशाचं न् माणसाचं एक नसतंय!"

"मग मी बाहेर येणारच न्हाई," म्हणून आरतीनं गॅलरीत सशाजवळ ठाण मांडलं आणि दार धाडकन ओढून घेतलं.

रविवारी नरसिंगराव आले, शिवम आला. पोहे झाले, चहा झाला. शिवम सोफ्याच्या अगदी कडेला, दोन्ही हात गुडघ्यात घालून बसला होता. श्रीमंतरावांनी त्याला विचारलं, "काय करून राहिलाव हल्ली?"

"दुकान बघतो," नरसिंगराव म्हणाले.

"आवड कशाची हाय?"

"कशाची न्हाई," नरसिंगराव म्हणाले. "लई गरीब हाय ओ आमचं पोरगं. घरात हाय का न्हाई, कळत सुद्धा न्हाई."

एरवी ह्या वाक्यावर श्रीमंतरावांनी पेढे मागवले असते. पण त्यांची नजर पोराच्या नाकपुड्यांवर गेली होती. त्या हलत होत्या. पोराचा श्वास वरच्या वर चालला होता. श्रीमंतरावांना राग आला, आणि ह्या खेपेला त्यांना तो कशाचा आहे तेच कळेना.

"तुला काय पायजे?" त्यांनी थेट पोराला विचारलं.

"त्याला काय पायजे असणार? आमी हाय ना," नरसिंगराव म्हणाले.

"तुमी गप बसा की ओ जरा! दम घेऊ द्या त्याला!"

भिंतीपलीकडे कस्तुराबाईंचा वरवंटा थांबला. शिवमनं मान वर केली. समोरचा कप बाजूला सारला.

"मी चहा पीतच न्हाई काका," तो म्हणाला. "पित्त होतंय मला. अन् मला लग्न करायचं न्हाई आत्ता. मोटारी दुरुस्तीचं शिकायला हैदराबादला जायचंय. दोन वर्षं सांगून राहिलो, कुणी ऐकतच न्हाई. तुमच्या आरतीला बी मी नको असणार, पण तिला तरी कुणी विचारलंय का?"

"हा असा नव्हता!" नरसिंगराव ओरडले. "हा असा कधीच नव्हता! काय घातलंव चहात?" त्यांनी पोराच्या दंडाला धरलं. पोरानं दंड झटकून सोडवून घेतला आणि बापाच्या आधी स्वतःच्या पायानं जिना उतरला. नरसिंगराव मात्र खाली फाटकापर्यंत श्रीमंतरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गेले.

गॅलरीचं दार उघडलं. आरती हसत होती. "पप्पा, सोन्यानं कोथिंबीर खाल्ली. अन् मला चावला!"

श्रीमंतराव फुगले. त्यांना वाटलं, हे सगळं आपल्यामुळंच झालं. "बघितलंव? मी होतो म्हणून बोललं ते पोरगं! न्हाईतर जन्मभर कुढत बसलं असतं. अरे माणसानं बोलायला पायजे! मनात काय हाय ते तोंडावर बोलायला पायजे! घरातल्यांनी ऐकायला पायजे!" ते बैठकीत येरझाऱ्या घालून, हात वर करकरून बोलत होते. सिंधुताई कप गोळा करत होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"मग मी बी बोलू?"

"बोल की! तुला कोण न्हाई म्हणलंय? मी काय तोंड दाबलंय का तुझं?"

"हे असं तुमी वरडता ना," सिंधुताई म्हणाल्या, "मग न्हाई बोलता येत."

श्रीमंतरावांच्या येरझाऱ्या थांबल्या. आरती दारातच थांबली.

"लोकं म्हणतात सिंधु लई गरीब हाय. तुमी बी सांगता सगळ्यांना, माझ्यासमोर. मी गरीब न्हाई. मला राग येतो तुमचा. लई येतो. लग्न झाल्यापासून येतो. मी सशाला सांगत होते ते, तर तुमी त्याला बी उचलून पलंगाखाली नेलाव."

मग श्रीमंतरावांनी विचारलं, आणि ह्या घरात त्यांचा एवढा लहान आवाज कुणी ऐकला नव्हता.

"आत्ता बी येतोय?"

"हाव," सिंधुताई म्हणाल्या, आणि श्रीमंतरावांच्या खुर्चीत बसल्या. "तिकडं बसा. सांगते."